कागदावर आणि खरं

चरोदा, भिलाई
८ जुलै २०२४

प्रिय प्रफुल,
जयभीम.

फाडून फेकायच्या आधी एवढं वाच, की आई बरी आहे. गुडघे दुखतात, बोलणं कमी झालं, पण जेवते. आता फाडायचं असेल तर फाड.

तेरा वर्षांत मी कितीदा फोन केला अन् तू कितीदा उचलला नाही, हे आपल्या दोघायलेही माहीत आहे. म्हणून पत्र. वकिलाच्या टेबलावर कागद आला की तो उघडल्याशिवाय राहत नाही म्हणतात. बिलासपूरचा तुझा पत्ता शाळेतल्या एका पालकानं दिला, त्याच्यावर चिडू नको. अन् मी काही मागायले लिहून नाही राहिली, हेही आधीच सांगून ठेवते. एक चांगली गोष्ट झाली अन् ती सांगायले घरात कोणी नाही. आईले सांगतली तर "बरं झालं" म्हणे, अन् पुन्हा टीव्ही पाहायले लागली.

एकतीस वर्षं झाली मले नागरिकशास्त्र शिकवून. तूही माझ्याच वर्गात शिकला, घरी ताई अन् शाळेत मॅडम म्हणताना तुझी काय फजिती व्हायची. इतक्या वर्षांत पोट्ट्यांनी अधिकार घोकले, कर्तव्यं घोकली, पेपरात उतरवली अन् गेटाबाहेर पडले की विसरले. यंदा मी ठरवलं, पुस्तक मिटायचं. आठवीच्या वर्गाले मी तिसऱ्या पुलाखालच्या वस्तीत पाठवलं. रेल्वे यार्डाच्या भिंतीले लागून आपल्या लहानपणी जिथं नुसत्या बाभळी होत्या, तिथं आता एकसष्ट घरं आहेत. माझ्या वर्गातली निम्मी पोट्टी तिथलीच.

कावून पाठवलं, ते ऐक. मागच्या वर्षी एका पोट्टीचा जातीचा दाखला अडला. बापाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. मी तिच्यासंगं सात वेळा दुर्गले गेली, सातही वेळा परत. तेव्हाच मनात आलं की पूर्ण वस्तीचे कागद एकदा तपासावे, चुका शोधाव्या अन् एकगठ्ठा अर्ज करून दुरुस्त करून घ्यावे. माणूस ह्या देशाचा मालक आहे असं मी फळ्यावर लिहिते, अन् मालकाचंच नाव चुकीचं.

तर प्रत्येक घराले वहीचं एक पान. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'कागदावर', उजवीकडे 'खरं'. शाळा हिंदीची, म्हणून हिंदीत लिहिलं, पण अर्थ हाच. नाव, जन्मसाल, मूळ गाव, चरोद्यात कधी आले. पहिल्या दिवशी पोट्टी लाजत होती, घरचं सांगायचं कसं म्हणून. मंग मी फळ्यावर आपल्या बाबांचंच लिहिलं. नाव लहानू. जन्मसाल कागदावर अठ्ठेचाळीस, खरं चव्वेचाळीस. रेल्वेत लागताना वय जास्त भरून राहिलं होतं म्हणून साहेबानंच चार वर्षं कमी लिहिली, हेही सांगतलं. वर्ग हसला. त्यानंतर कोणी लाजलं नाही.

वस्तीतल्या बायांनी पोट्ट्यायले चहा पाजला, पेट्या उघडून कागद दाखवले. मी गेली असती तर मले कोणी दाखवले नसते. मोनाली नावाची एक पोट्टी आहे, वस्तीतलीच, बाप नाही, आई कमला यार्डात ठेक्यावर गाड्यांचे डबे धुते. तिनं एकटीनं बावीस घरं केली, अन् स्वतःचं घर सगळ्यात आधी. अक्षर पाहशील तर थक्क होशील.

एवढंच सांगायचं होतं. उत्तर नको देऊ, तुझी सवय मले माहीत आहे.

तुझी ताई,
वसुंधरा


२१ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रफुल,

उत्तर नाही आलं, पण पत्र परतही नाही आलं. म्हणजे फाडलं तरी वाचून फाडलं असशील.

पंधरा ऑगस्टले वह्यांचं प्रदर्शन लावलं होतं. पहिलं बक्षीस मोनालीले. कमला कामावरून तशीच आली होती, अंगावर यार्डाचं केशरी जॅकेट. पोट्टीचं नाव माइकवर घेतलं तेव्हा तिनं टाळी वाजवायच्या ऐवजी दोन्ही हात तोंडावर धरले. मले रडू आलं, खोटं कावून सांगू.

टिकाराम आठवते तुले? तुझ्या दोन वर्ग मागं होता, गणितात कच्चा, पण कविता एकही ओळ न चुकता म्हणायचा. तो आता आमच्या आदर्श वॉर्ड समितीचा सचिव आहे. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. एकेक वही हातात घेऊन पाहत होता, पानं उलटताना बोटाले थुंकी नाही लावली, हे मी लक्षात ठेवलं. म्हणे, "मैडम, ऐसा काम तो बड़े-बड़े ऑफिस वाले नहीं कर पाए." तीन दिवसांसाठी वह्या मागतल्या. मी म्हटलं, घेऊन जा, समितीनं मनावर घेतलं तर अर्ज लवकर लागतील.

तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः आणून दिल्या. प्रत्येक वहीले प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं, अन् कव्हरावर नंबर टाकला होता. नंबर कावून, असं मी विचारलं नाही. चांगलं दिसून राहिलं होतं.

पोट्ट्यायले वेड लागलं आहे. मधल्या सुट्टीत त्यांचा एक नवा खेळ चालते. एक जण दुसऱ्यावर बोट रोखते अन् विचारते, "कागदावर काय? खरं काय?" अडखळला की बाद. काल दोघी पोट्ट्या माझ्याजवळ आल्या अन् हळूच सांगतलं की आपल्या शाळेतल्या शिपायानं घराचा पत्ता चुकीचा लावला आहे, तो राहते दुसरीकडेच. मी म्हटलं, तुमाले कोणी विचारलं? त्या म्हणाल्या, कोणी नाही मॅडम, आम्ही पाहिलं. त्यायच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी रागावू शकली नाही. शाबास म्हटलं. घरी येताना मात्र ते शाबास मले टोचत राहिलं.

हे तुलेच लिहून राहिली, दुसऱ्या कोणाले सांगितलं तर म्हणतील बाई म्हातारी झाली.

ताई


२० सप्टेंबर २०२४

प्रफुल,

वस्तीत सरकारी नोटिसा लागल्या. ती जागा खाली करायची आहे. २०१४ च्या आधीपासून राहतात त्यायले रसमड्याच्या पुढं पक्कं घर मिळेल, नंतर आलेल्यायले काही नाही. ज्यांनी खोटा पत्ता दाखवून कागद बनवले, त्यांच्यावर केस होईल अन् सगळ्या याद्यांतून नाव कटेल, रेशनच्या अन् मतदानाच्याही. आपलं म्हणणं मांडायले नोव्हेंबरात सुनावणी.

एकसष्ट घरांपैकी चव्वेचाळीस दारांवर नोटीस. सतरा दारं सुटली.

ह्याचा माझ्या वह्यांशी काही संबंध नाही. असे सर्वे सरकार आपले आपण करत असते. तू वकील आहेस, तुले माहीत. मी फक्त बातमी म्हणून कळवून राहिली.

कमला आली होती शाळेत, ड्युटी सोडून. बसा म्हटलं तर बसली नाही. तिची नोटीस तिनं घडी करून ब्लाउजात ठेवली होती. म्हणे, "बाई, पोट्टीनं वहीत आपल्या घराचं काय लिवलं?"

मी म्हटलं, "खरं लिहिलं."

"आमी एकोणीसमंदी आलो, सालेकस्याकडून, ते लिवलं?"

"हो."

"अन् कार्ड माह्या भावाच्या पत्त्यावर दोन हजार नऊचं दाखवून काढलं, तेबी?"

मी मान हलवली. तिनं शिवी नाही दिली, आवाजही चढवला नाही. मंग म्हणे, "खरं कावून लिवाले लावलं बाई? आमी काय कोनाचं चोरलं होतं?" अन् गेली. मोनाली त्या वेळी वर्गात होती, तिले माहीत नाही आई येऊन गेली ते.

आईचे गुडघे आता पुष्कळ बरे आहेत.

ताई


६ ऑक्टोबर २०२४

प्रफुल,

मागच्या पत्रात मी लपवलं. आज लपवत नाही, मंग तू काय म्हणायचं ते म्हण.

ज्या सतरा दारांवर नोटीस नाही, ती सतरा पानं मी वह्यांतून काढून पाहिली. त्या सतराही पानांवर डावीकडे अन् उजवीकडे एकच लिहिलं आहे. ज्या चव्वेचाळीस पानांवर फरक आहे, तिथंच नोटीस. अर्ज करून दुरुस्त करायसाठी मी जो फरक शोधायले लावला, तो टिकारामच्या समितीनं जसाच्या तसा उचलला. एक घर इकडे-तिकडे नाही. माझ्या पोट्ट्यांनी इतकं चोख काम केलं.

काल संध्याकाळी टिकाराम घरी आला, मिठाईचा डबा घेऊन. आईच्या पाया पडला, तिचे गुडघे विचारले, बाबांच्या फोटोले हात जोडले. चहा होईपर्यंत कामाचं बोललाच नाही. मंग पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला. सदर वह्या विद्यार्थ्यांनी माझ्या देखरेखीखाली घरोघरी जाऊन भरल्या असून त्यातील माहिती खरी आहे. खाली माझं नाव, शाळेचं नाव, सहीची जागा. म्हणे, वस्तीच्या लोकांचे कागद वरून सगळे ठीक आहेत, त्यामुळे सुनावणीत ते सुटतील. ह्या सहीनंच काम होईल. सही नसली तर त्या नुसत्या पोरांच्या वह्या.

मी म्हटलं, "टिकाराम, मी हे त्यायचे कागद सुधारायले केलं होतं."

तो म्हणे, "वही तो मैडम. सुधार ही हो रहा है."

"अन् मी सही नाही केली तर?"

तो हसला. वाईट हसला असं नाही म्हणता येणार, वर्गात हसायचा तसाच हसला. "झूठ तो आप बोलोगी नहीं. पूरे चरोदा को मालूम है." मंग मोबाइलवर एक फोटो दाखवला. माझा फळा होता, पहिल्या दिवसाचा, कोण्या पोट्ट्यानं काढलेला. बाबांचं नाव, कागदावर अठ्ठेचाळीस, खरं चव्वेचाळीस, माझ्याच अक्षरात. म्हणे, "ये भी आपने ही सिखाया है, घर से शुरू करो." आईकडे एकदा पाहिलं त्यानं. आई त्याले दुसरा लाडू देऊन राहिली होती. तिचं घर बाबांच्या रेल्वेच्या पेन्शनवर चालते, हे त्याले माहीत आहे.

माझा हात पेनाकडे गेला होता, प्रफुल. हेही लिहून टाकते. मी सुनावणीपर्यंत वेळ मागतला अन् त्यानं दिला. निघताना पुन्हा पाया पडला.

आता ते दुसरं. २०११ चं. आपण कधी बोललो नाही त्यावर, तू बोलूच दिलं नाही. रसमड्याच्या कारखान्यातल्या ठेकेदारी मजुरांसाठी तू परचे वाटले होते अन् पोलीस घरी आले होते. बाबा दारात उभे राहून म्हणाले, पोरगा इथं येत नाही, दोन महिने झाले. बाबांनी आयुष्यात बोललेलं ते एकच खोटं असेल, ते वयाचं सोडून. अन् मी आतून येऊन म्हटलं, येते, मागच्या खोलीत झोपते. मले वाटलं, तू काही गुन्हा केला नाही, खरं सांगतलं की ते विचारपूस करतील अन् सोडून देतील. मी तेव्हा शाळेतून तोच धडा शिकवून आली होती. ते तुले तीन महिने आत घेऊन गेले. बाबा माझ्यासंगं मरेपर्यंत नीट बोलले नाही, अन् मले मात्र इतकी वर्षं वाटत राहिलं की चूक तुम्हा दोघांची आहे, मी तर खरंच बोलली.

माफी मागत नाही, मागायचं तोंड नाही. चव्वेचाळीस घरं आहेत. काय करू ते सांग.

ताई


२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रफुल,

तुझं पत्र मिळालं. तेरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजूनही तेवढंच घाण आहे. "ताई, सही करू नको" एवढं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. आई म्हणे काय झालं. म्हटलं प्रफुलचं पत्र आलं. तिनं टीव्ही बंद केला.

तू लिहिलं ते मी चारदा वाचलं. वस्तीची वकिली तू घेशील, लोकांचे कागद पक्के आहेत, त्यांच्याविरुद्ध ह्या वह्यांशिवाय समितीजवळ दुसरं काही नाही. मी सुनावणीत उभी राहून सांगायचं की हा वर्गातला सराव होता, घरोघरी कोणी गेलं नाही, 'खरं'च्या रकान्यात पोट्ट्यांनी मनानं भरलं अन् मीच तसं भरायले सांगतलं होतं. बाबांचं साल म्हणजे उदाहरण होतं, मनचं. बस. शिक्षिकाच नाही म्हणते म्हटल्यावर वह्या रद्दी.

मी बोलीन. तू म्हणशील ताईले जमणार नाही. आईही तेच म्हणते. काल तिच्यासमोर उभी राहून सराव केला. "ह्या वह्या काल्पनिक आहेत," म्हटलं. आई म्हणे, "कानाची पाळी कावून धरून राहिली?" मले माहीतच नव्हतं मी पाळी धरते ते. आज हात मागं बांधून म्हटलं, तर म्हणे आता बरं जमलं, पण डोळे खाली नको करू. तू गेल्यापासून आम्ही मायलेकी इतक्या हसलो नव्हतो.

तुझी दुसरी गोष्टही पाळीन. वर्गातल्या एकाही पोट्ट्याले काही सांगायचं नाही, नाही तर ते म्हणतील बाईनं शिकवून आणलं. कमलाले सांगतलं, ती समजदार आहे. मोनालीले सांगू नको म्हटलं तर म्हणे, "तिले सांगाचं नाईच बाई, तिच्या पोटात काई राहत नाई. तुमीच तशी केली तिले."

टिकाराम रोज सकाळी शाळेच्या गेटाशी भेटते. काही विचारत नाही, नमस्ते करते अन् जाते. चौदा तारखेले ये. आईनं तुझ्यासाठी पांघरूण उन्हात घातलं आहे.

ताई


१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रफुल,

तुझी तिकडे कोर्टात दुसऱ्या केसची तारीख लागली अन् तू पुढची तारीख मागायचा अर्ज पाठवला, तो सुनावणी घेणाऱ्या साहेबानं बाजूले ठेवला. त्यात तुझी चूक नाही. तू फोनवर आईले विचारलं, काय झालं म्हणून, अन् मी फोनवर आली नाही. लिहूनच सांगते.

सुनावणी आपल्याच शाळेच्या हॉलात ठेवली, जागा मोठी म्हणून. मी पोचली तर पहिल्या दोन रांगांत माझी आठवी बसली होती, इस्त्रीचे कपडे घालून. काल बालदिवस, म्हणून समितीकडून 'सजग नागरिक' प्रमाणपत्रं वाटायची होती, आधी हे अन् मंग सुनावणी. टिकारामनं प्रत्येकाचं नाव न पाहता घेतलं. मोनालीचं सगळ्यात शेवटी घेतलं अन् साहेबाले सांगतलं, ही आमच्या वॉर्डाची शान. वाटून झाल्यावर पोट्ट्यायले घरी पाठवतील असं मले वाटलं. कोणी पाठवलं नाही. मी मुख्याध्यापकायले म्हटलं, लेकरायले जाऊ द्या. ते म्हणाले, बसू द्या, त्यायलेही कळेल लोकशाही कशी चालते.

मागच्या रांगांत वस्ती बसली होती. कमला भिंतीशी उभी होती.

माझं नाव घेतल्यावर मी गेली, हात मागं बांधले, डोळे खाली केले नाही. आईसमोर म्हटलं तसं शब्दन् शब्द म्हटलं. हा सराव होता, घरोघरी कोणी गेलं नाही, पोट्ट्यांनी मनानं भरलं. माझा आवाज कापला नाही. साहेबानं दोनदा विचारलं, "पूरी तरह काल्पनिक?" मी दोनदा हो म्हटलं. तो लिहून घेऊन राहिला होता. मी टिकारामकडे पाहिलं, तो कागदांतून मान वर काढत नव्हता. मागं कोणीतरी जोरात श्वास सोडला. जमलं, असं मले वाटलं, प्रफुल. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोलली होती अन् मले इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

तेवढ्यात हात वर झाला.

मोनाली उभी राहिली. आधी नाव सांगतलं, मंग वर्ग. मी शिकवलं तसंच, पाठ ताठ, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. म्हणे, "सर, हमने मन से कुछ नहीं लिखा. बाईस घर मैंने खुद किए हैं. मेरे घर का भी मैंने ही लिखा है, मम्मी से पूछकर." साहेबानं पेन थांबवलं. म्हणे, बेटा, तुम्हारी मैडम तो कुछ और कह रही हैं. ती माझ्याकडे पाहून हसली, थोडीशी, अन् साहेबाले म्हणाली, "आप कोई भी पन्ना पूछ लीजिए."

त्यानं तिचंच पान काढलं. ती न पाहता सांगत गेली. कार्डावर दोन हजार नऊ, खरं दोन हजार एकोणीस. कार्डावर मामाचा पत्ता. कावून, तेही सांगतलं, कोणी न विचारता. मी मध्ये बोलायले गेली तर साहेबानं हातानं थांबवलं. मंग एकेक करून बाकीचेही हात वर झाले. अडतीस पोट्टी आहेत माझ्या वर्गात. सगळ्यांनी आपण केलेली घरं सांगतली, सालासकट, अन् एकही चुकला नाही.

कमला ओरडली नाही. तिनं पदर तोंडावर घेतला अन् भिंतीले धरून खाली बसली. वस्तीतला एक म्हातारा उठून बाहेर गेला, त्याच्यामागं हळूहळू सगळे. साहेबानं लिहिलं की शिक्षिकेचं म्हणणं विद्यार्थ्यांनीच नाकारलं, सबब वह्या ग्राह्य. माझ्याविरुद्ध खोटी साक्ष दिल्याबद्दल शाळेनं पाहावं, असंही लिहिलं. महिन्याची मुदत आहे. वरच्या कोर्टात काही होत असेल तर तू कर, अन् मले बोलव, मी येईन. पण माझ्या शब्दाले आता कोण विचारते.

टिकाराम जाताना माझ्याजवळ आला नाही. लांबूनच हात जोडले.

मी हॉलाच्या दाराशी उभी होती. मोनाली पळत आली, हातात ते प्रमाणपत्र. मागं तिची आई भिंतीशी बसली होती, ते तिनं अजून पाहिलं नव्हतं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, घरच्यासारखं मराठीत, "मॅडम, मले तेव्हाच समजलं होतं. तुमी आमची परीक्षा घेऊन राहिल्या होत्या ना? कोणी मोठ्या माणसानं खोटं सांगतलं तर आमी बोलतो का नाई, हे पाहाले?"

घरी गेल्यावर तिले कळणारच होतं. आजचा दिवस तरी जाऊ द्यावा, एवढंच मले सुचलं.

"मंग," ती म्हणे, "पूर्ण मार्क ना?"

मी म्हटलं, हो. पूर्ण.

ताई